ताठ गुडघ्यांची सलामी

सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मी कॉलेजच्या जिन्यावरून उतरत होते. शेवटच्या पायऱ्या गाळून उडी मारायची माझी लहानपणापासूनची सवय. खाली एक बुटका, सुटलेल्या पोटाचा माणूस कॅनव्हासचे बूट घालून उभा होता. माझ्या पायांकडे बघत तो म्हणाला, "गुडघा दुखतोय. घरी कुणाला सांगितलंस, का लपवून राहिली आहेस?"

मला आधी रागच आला. मुलींच्या पायांकडे बघणारे देवासमध्ये काही कमी नाहीत आणि त्यांना काय ऐकवायचं ते मला चांगलं येतं. पण दुखणं खरं होतं. काही महिन्यांपासून वाटीच्या खाली कुणीतरी खिळा ठोकतंय असं वाटायचं, आणि मी ते आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. "आपण कोण?" मी जरा जोरातच विचारलं.

"ते नंतर. परत वर जा आणि परत उडी मार. मी पाठ करून उभा राहतो, मला फक्त ऐकायचंय."

मी वर गेले. का गेले ते आजही सांगता येणार नाही. उडी मारली. सर मागे न वळताच म्हणाले, "धप्प! ऐकलंस? अरे भिया, गव्हाचं पोतं पण याच्यापेक्षा अदबीनं पडतं." जिन्यावरची सगळी पोरं खदखदा हसली आणि माझं नाव काही दिवस पोतं पडलं. (आमच्या माळव्यात मुलीलाही 'भिया', भाऊच, म्हणतात.)

सर आमच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायचे. मूळचे धारचे. दर शनिवारी बसनं धारला जायचे, सोमवारी परत यायचे आणि आल्या आल्या धारच्या हवेचं, धारच्या पोह्यांचं, धारच्या माणसांच्या चालण्याचं कौतुक सांगायचे. आम्ही देवासवाले ते एका कानानं ऐकायचो. कॉलेजात ते क्रिकेट घ्यायचे, कबड्डी घ्यायचे, पण त्यांचा खरा विषय एकच होता. माणूस उडी मारून खाली कसा येतो. "वर कोणी पण जातं. खाली कसं येतो ते दाखव," हे त्यांचं पेटंट वाक्य. नव्या प्राचार्यांच्या सत्काराच्या भाषणातही त्यांनी ते म्हटलं, अगदी भोळेपणानं, आणि त्याचा जो अर्थ काढायचा तो प्राचार्यांनी काढला. त्या वर्षी मैदानाला नवं नेट मिळालं नाही.

अंड्यांची गोष्ट तर अजून कॉलेजात सांगतात. कुणी तरी त्यांना विचारलं, उतरण्यात एवढं काय आहे? सर दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये अंडी घेऊन आले. एक फरशीवर सोडलं. फुटलं. दुसरं तेवढ्याच उंचीवरून चार घड्या घातलेल्या सतरंजीवर सोडलं. ते जरासं हलून शाबूत राहिलं. "अंडं तेच, उंची तीच," सर म्हणाले, "फरशीवर त्याला एका क्षणात थांबावं लागलं. सतरंजीनं त्याला थांबायला वेळ दिला. सगळा मामला एवढाच आहे. कॅच घेताना तुम्ही हात मागे का नेता? तेच गुडघ्याचं." उदाहरण चोख होतं, पण ऐकायला कुणी उरलं नव्हतं. संस्कृतच्या मॅडम बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या आणि स्टाफरूम संध्याकाळपर्यंत फिनाइलनं धुतली जात होती.

एखाद्या शनिवारी धारला गेले नाहीत की रविवारी सकाळी सर टेकरीवर दिसायचे. सगळं देवास देवीच्या दर्शनाला चढतं. सर वरपर्यंत चढायचे नाहीत, अर्ध्या वाटेवरच्या पायरीवर बसून उतरणाऱ्यांचे पाय बघायचे. मधूनच एखाद्याला थांबवायचे. "ताई, गुडघा आत पडतोय. अंगठ्याच्या रेषेत ठेवा." एकदा एका बाईचा नवरा त्यांच्या अंगावर धावून आला. कॉलर धरली. सर त्या अवस्थेत खाली बघून म्हणाले, "तुमची डावी टाच झिजली आहे, कंबर दुखत असेल." त्या माणसानं कॉलर सोडली. पुढच्या रविवारी तो आपल्या आईला घेऊन आला. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, कारण तोपर्यंत मीही रविवारची त्या पायऱ्यांवर असायचे, शिकायला.

शिकायला जाण्याचं कारण आमचं लेझीम पथक.

आमची घरं मराठी. पूर्वज संस्थानाच्या पलटणीत होते, पलटणीबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. आता कुणी बँकेत, कुणी कारखान्यात, कुणाचं हार्डवेअरचं दुकान. मुलं हिंदी शाळेत जातात, मराठी वाचताना अडखळतात, पण अनंत चतुर्दशीला लेझीम घेऊन सगळे हजर. विसर्जनाची मिरवणूक जुन्या राजवाड्याच्या दरवाज्यासमोर आली की ढोल थांबतो. मग एकच टिपरी पडते. त्या टिपरीवर अख्खं पथक उंच उडी घेतं, लेझीम डोक्यावर, आणि दोन्ही टाचांवर, गुडघे ताठ ठेवून, एका आवाजात खाली येतं. ठक्क. मग ढिम्म उभं राहायचं. ही आमची सलामी. गुडघा जरा जरी वाकला तर तो माणूस पुढच्या वर्षी मागच्या रांगेत.

सगळ्यांत पुढे एकजण असतो. ती जागा आमच्या घराची. आधी आजोबा, मग माझे वडील, नाना. नानांचे गुडघे गेले तेव्हा ती जागा काकांच्या मुलाकडे जाणार होती, कारण नानांना मुलगा नाही. नाना पथकाच्या बैठकीत उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माझी पोरगी सलामी देईल. मी देत होतो तशीच देईल, त्यात तसूभर फरक पडणार नाही. शब्द आहे माझा." पोरीला पुढे उभं करायचं म्हणजे आमच्या लोकांत केवढी गोष्ट होती ते बाहेरच्याला कळणार नाही. त्या एका वाक्यासाठी मी नानांवर जन्मभर जीव टाकीन.

आणि माझा गुडघा गेला तो त्या वाक्याच्या तयारीतच. इंदूरच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, नाचणं बंद. मी रडत सरांकडे गेले तर ते म्हणाले, "डॉक्टर बरोबर आहेत. तू उतरतेस तशीच उतरणार असशील तर आजच बंद कर. पण आधी मला ती सलामी दाखव. मला बघू दे, तुम्ही लोक करता काय."

सर तालमीला आले. ढोल थांबला, टिपरी पडली, ठक्क झालं. सरांनी डोळे गच्च मिटले. मग पथकाचे प्रमुख बापूसाहेब होते त्यांना विचारलं, "हे दर वर्षी?"

"पिढ्यान्‌पिढ्या," बापूसाहेब अभिमानानं म्हणाले.

"आणि तुमच्याकडची पन्नाशीच्या पुढची माणसं जिना कशी उतरतात?"

सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडचे पुरुष पन्नाशीनंतर कठडा धरून आडवे उतरतात, खेकड्यासारखे. बापूसाहेब म्हणाले, "ते देवासच्या पाण्यामुळे. इथलं पाणी जड आहे."

"पाणी तर शेजारची गल्ली पण तेच पिऊन राहिली आहे," सर म्हणाले. "त्यांचे म्हातारे तर टेकरी उतरतात, टकाटक. अहो, तुमचे पणजोबा मातीवर उड्या मारत होते. पावसाची ओली माती. अर्धा मार तीच खायची. आता समोर सिमेंटचा सीसी रोड आहे. तो काही खात नाही, सगळं परत तुमच्याच हाडात पाठवतो. वरून टाच आधी, गुडघा बंद. मग तो धक्का जाणार कुठे?"

"सर," बापूसाहेब उठून उभे राहिले, एक हात खुर्चीवर टेकून, "आम्ही पलटणीतली माणसं. आमचा गुडघा कुणापुढे वाकत नाही. धारचा माणूस येऊन देवासची सलामी शिकवणार का? चहा घ्या आणि या."

सरांनी चहा घेतला. जाताना मला म्हणाले, "उद्या पहाटे ग्राउंडवर ये. घरून एक पाट आण."

जेवायचा पाट. त्यावरून मी उतरायला शिकले. आई ओरडली, पानाखालच्या पाटावर पाय ठेवतेस, लाज नाही वाटत? सरांनी घरी येऊन तिला हात जोडले, दुसरा पाट विकत आणून दिला आणि तो माझ्या नावाचा झाला. त्या बोटभर उंचीवरून मी किती वेळा उतरले असेन देव जाणे. आधी पंजा, मग टाच, मग घोटा, गुडघा आणि खुबा, तिन्ही एका दमात वाकायचे, खुर्चीवर बसायला जावं आणि खुर्ची नसावी तसं. गुडघा अंगठ्याच्या आत पडला की पाठ करून उभे असलेले सर म्हणायचे, "आत पडला." कसं कळायचं ते विचारलं तर म्हणायचे, "दोन्ही पायांचा आवाज वेगळा आला. बहिरा नाही मी." मधले दिवस नुसत्या उठाबशा, मांड्या तापून जाईपर्यंत. उडी नाहीच. मी कंटाळून एकदा म्हटलं, सर, मी नाचणारी आहे, पहिलवान नाही. ते म्हणाले, "उतरताना तुला धरणारं दुसरं कुणी नाही. मांडीच धरणार. तिच्यात दम नको?" आणि पुन्हा पाटावर.

फाल्गुनात ते आम्हा काही जणांना उदयनगरच्या बाजारात घेऊन गेले. होळीच्या आधी तिथे आदिवासींचा भगोरिया मेळा भरतो, गावागावांतून मांदळ, म्हणजे त्यांचे मोठे ढोल, येतात आणि माणसं मातीत तासन्‌तास नाचतात. सरांनी मोबाइलवर सगळं शूट केलं; त्या व्हिडिओंमध्ये एकही चेहरा नाही, नुसते पाय, धुरळा आणि चांदीची कडी. थोड्या वेळानं राहवेना, स्वतःच घेऱ्यात शिरले. चार फेऱ्यांत धापा टाकत खाली बसले आणि शेजारच्या मुली पोट धरून हसल्या. सरही हसले. परतीच्या जीपमध्ये मात्र म्हणाले, "त्यांच्या पायाखाली माती आहे. आपण आपली सिमेंटखाली घातली. आता ती आपल्या पायात आणायची, दुसरा इलाज नाही."

सलामीचा पेच त्यांनीच सोडवला, निदान त्यांना तसं वाटलं. एका सकाळी धावत आले, बुटाची नाडी सुटलेली. "अगं, सलामी उतरण्यात कशाला ठेवता? उठण्यात ठेवा! मऊ उतरायचं, पुरतं खाली जायचं, आणि मग ढोलावर हळूहळू उठत ताठ व्हायचं. लेझीम डोक्यावर. बघ तरी." त्यांनी स्वतः करून दाखवलं. एवढं मोठं पोट घेऊन तो माणूस जमिनीपर्यंत गेला आणि इतक्या सावकाश, इतक्या ताठ मानेनं वर आला की त्याचं पोट मला दिसेनासं झालं. तेव्हाच मी ठरवलं. देईन तर हीच देईन.

पथकातल्या पोरापोरींना मी ते शिकवलं. निम्म्यांना पटलं, त्यांचेही गुडघे कुरकुरत होतेच. बापूसाहेबांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाकीचे सलामी देतील. तुझं तू बघ."

नानांना सांगणं सगळ्यांत कठीण. ते आरामखुर्चीत बसले होते. पूर्ण ऐकून घेतलं. "मी शब्द दिलाय," ते म्हणाले. "तू त्या दरवाज्यासमोर वाकलीस तर लोक म्हणतील, पोरीला पुढे केलं आणि बघा, पहिल्याच वर्षी गुडघे टेकले. मी कुणाला तोंड दाखवू?"

"नाना, ताठ उतरले तर माझा पाय जाईल."

"मग उतरूच नकोस. जागा दे तुझ्या भावाला."

"नाही देणार," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. नानांशी मी त्याआधी कधी तसं बोलले नव्हते. ते पेपर उघडून बसले. आमचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. सरांना म्हटलं, तुम्ही समजवा ना नानांना. ते म्हणाले, "मी कोण सांगणारा? उडी तुझी आहे. मी फक्त कसं उतरायचं ते सांगितलं. उतरायचं का, ते तू ठरव."

त्यांचा हा गुण मला तेव्हा फार टोचला. आज मी स्वतः मुलांना शिकवते तेव्हा वाटतं, एवढं ज्ञान असून दुसऱ्याच्या घरात न घुसणारा माणूस मिळणं कठीण.

चतुर्दशीच्या दुपारी मिरवणूक राजवाड्यासमोर आली. समोर मिठाईच्या दुकानाबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या आणि त्यांवर आमच्या पथकाचे सगळे जुने लोक बसले होते. बापूसाहेब मध्ये, शेजारी नाना, दोघांच्याही हातात काठी. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. सर गर्दीत कुठे होते माहीत नाही. ढोल थांबला.

टिपरी पडली. मी वर गेले आणि खाली आले, पंजा, टाच, घोटा, गुडघा, खुबा. काहीच आवाज झाला नाही. माझ्या मागे मात्र ठक्क झालं, तेही अर्धवट, फाटकं. निम्मे माझ्याबरोबर खाली गेले होते, निम्मे ताठ उभे होते. एवढ्या वर्षांत आमची सलामी कधी अशी विस्कटली नसेल. मी अजून खाली बसलेली. मग ढोलवाल्यानं, त्यालाही सरांनी गाठलं होतं वाटतं, हळू ठेका धरला. मी उठायला लागले. एका मापानं, न थरथरता, मान वर ठेवून. पूर्ण ताठ झाले तेव्हा लेझीम डोक्यावर होतं. गुडघा दुखला नाही.

बापूसाहेब खुर्चीवरून उठले, काठी आपटत रस्त्यात आले. "कुणी केलं हे? कुठे आहे तो धारवाला?" सर गर्दीतून पुढे आले, घामानं भिजलेले, कॅनव्हासच्या बुटांत. "मी इथेच आहे." लोक सरकले. मला वाटलं, आता मारामारी होते. बापूसाहेबांनी काठी उगारली नाही, पण बोट सरांच्या छातीवर ठेवलं. "पिढ्यान्‌पिढ्यांची सलामी तुम्ही नासवली. शरम नाही वाटत?"

तेवढ्यात मागून नाना म्हणाले, "बापू, जरा थांबा."

नाना काठी टेकत आडवे आडवे रस्त्यात आले. माझ्यासमोर थांबले. कित्येक आठवड्यांनी माझ्याशी बोलले.

"दुखलं?"

"नाही नाना."

"जरा पण नाही?"

"खरंच नाही."

ते सरांकडे वळले. "हे खरं आहे?"

"खरं आहे," सर म्हणाले.

नानांनी रस्त्याकडे बघितलं. मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवायला लागले होते. मग ते कुणालाच उद्देशून नाही असे म्हणाले, "मला दर वर्षी दुखायचं. पहिल्या वर्षापासून. डोळ्यांपुढे अंधारी यायची. मला वाटायचं, सगळ्यांनाच दुखत असेल, आणि कुणी बोलत नसेल."

बापूसाहेबांचं बोट सरांच्या छातीवरून खाली आलं. ते नानांकडे बघत होते. इतकी वर्षं शेजारी शेजारी उड्या मारलेली ती दोन माणसं. बापूसाहेब इतक्या हळू बोलले की मी जवळ उभी होते म्हणूनच मला ऐकू आलं.

"माझा अजून दुखतो."

मिरवणूक अडली होती, पोलीस शिट्ट्या मारत होता. सर तिथेच, भर रस्त्यात, बापूसाहेबांच्या पायांशी खाली बसले.

"दाखवा," ते म्हणाले.